हुंगा, पण पिऊ नका

एडिनबराच्या एका तळघरात पाच व्हिस्क्या चाखण्याचे पैसे भरले आणि प्यायला मिळाल्या चार. पाचवी लागावुलिन होती, सोळा वर्षांची. ती कुणाच्या पोटात गेली ते मला माहीत आहे, आणि तो माणूस ठाण्याचा आहे.

"सोबत चणे-फुटाणे देतात का गं?" एवढंच मी बायकोला विचारलं. शेजारून आवाज आला, "मराठी का?" परदेशात या प्रश्नाला खरं उत्तर देऊ नये. काका मूळचे ठाण्याचे, हल्ली मुक्काम स्लाऊ, खिशात स्वतःचा ड्रॉपर.

पहिल्या दोन आयरिश होत्या, त्या त्यांनी मला पिऊ दिल्या. "घ्या, तिच्यात समजून घेण्यासारखं काही नसतं." हे मला लागलं, कारण रेडब्रेस्ट मला फार आवडली होती. तिच्यात मोड आलेली सातू असते तशी बिनमोडाचीही. पूर्वी मोडाच्या सातूवर कर बसला, म्हणून आयरिश लोक बिनमोडाची मिसळू लागले. कर वाचवताना इतकं चवदार काही काढणारी जमात मला तरी जवळची वाटते. बिचाऱ्यांचं नशीब मात्र वाईट. त्यांच्यातलाच एक माजी अबकारी अधिकारी, ईनिअस कॉफी. त्याने १८३० मध्ये सलग चालणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं. घरच्यांनी नाक मुरडलं, स्कॉटलंडने भट्टी उचलली आणि तिच्या जिवावर ब्लेंडेड स्कॉच जगभर विकली.

तर लागावुलिन. मी ग्लास ओठांशी नेला आणि काकांनी त्यावर चक्क तळहात ठेवला.

"अहो, काय करताय?"

"पितोय."

"अजून उघडली नाहीये ती."

"ओतलीये की!"

"उघडलीये ती बाटली, व्हिस्की नाही. हुंगा. नाक आत, तोंड किंचित उघडं."

तोंड उघडं टाकून ग्लासात नाक खुपसलेला मी पाहून समोरच्या बाईंनी खुर्ची सरकवली. बायकोने फोटो काढला.

"काय येतंय?"

"आयोडेक्स."

"आयोडेक्स काय! पीटचा, दलदलीतल्या कुजक्या झाडपाल्याच्या मातीचा धूर आहे तो. सातू त्याच्यावर वाळवतात. आयला बेटावरची आहे ही."

"आयला!"

"हां. आता दोन थेंब पाणी." ड्रॉपर निघाला. माझ्या ग्लासात त्यांनीच पाणी सोडलं.

"आता पिऊ?"

"सोळा वर्षं पिंपात बसली बिचारी, तुम्हाला सोळा मिनिटं बसवत नाही?"

वडीलधाऱ्यांपुढे गप्प बसायची सवय नडते ती अशी. पुढची तुकडी जिन्यात उभी, ग्लास गोळा करणारा पोरगा टेबलाशी आलेला, आणि मी बायकोचा कोट घ्यायला वळलो. परत पाहतो तो माझा ग्लास रिकामा आणि काकांची मिशी ओली.

"पोरगा उचलत होता हो. वाया गेली असती."

पिंपातली व्हिस्की दरवर्षी साधारण दोन टक्के उडून जाते, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. सोळा वर्षं देवदूतांनी दोन-दोन टक्क्यांवर भागवलं!

खरा राग वेगळाच आहे. पैसे मी द्यायचे, तेही पौंडांत, आणि मला चव कसली लागावी हे छापील कागदाने सांगायचं. 'ओली लोकर', 'जुनं चामडं'. ओली लोकर चाटलीये कुणी? मला लिंबू लागलं तर गाइड अशी हसते, जणू मी पेपर कोरा दिलाय. घरी साठ मिलीत सोडा ओतला की कुणी काही विचारत नाही. पण चाखायला म्हणून गेलात की आधी परीक्षा, मग घोट, आणि शेजारी ठाण्याचे काका असले तर घोटही नाही.

रात्री त्यांचा व्हॉट्सॲप आला. नंबर बायकोने दिलेला. लागावुलिनची टिपणं होती: राख, समुद्र, सुका मेवा, चव बराच वेळ रेंगाळते. त्यांच्या ग्लासाला शंभरपैकी ८९. माझ्या ग्लासाला ८८.

"तुमच्यात पाणी एक थेंब जास्त पडलं."