‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : २००९ चा निकाल आणि त्यानंतरचं बरंच काही

मोबाइल बिल आणि पोस्टाच्या तक्रारींवरच्या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी : “फुकटची वकिली. टेलिफोनची तक्रार ग्राहक मंचात चालत नाही हे सुप्रीम कोर्टाने २००९ सालीच सांगितलंय. पोस्टाचंही तेच. पोर्टिंगला तीन नाही, पाच दिवस लागतात. लेख लांबलचक. लोकांना हेलपाटे घालायला लावू नका.”

लेख वाचायचे पैसे घेतले नव्हते, त्यामुळे ‘फुकटची’ हे बरोबरच आहे. पण मुद्दा सांगायला हा सूर कशाला? नाव स्पष्टवक्ता घेतलं म्हणून तुसडेपणाचा परवाना मिळत नाही. तक्रारींचे मसुदे मी वीस वर्षं लिहून देतोय. २००९ चा निकाल मला तुमच्याकडून कळला, असा समज कृपया नसावा.

तर तो निकाल. एम. कृष्णन खटला. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातल्या कलम ७ब प्रमाणे टेलिफोनचे वाद लवादाकडे जायचे, म्हणून ग्राहक मंचाला अधिकार नाही, असं दोन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटलं. इथवर तुम्ही बरोबर. पुढची तेरा वर्षं मात्र तुम्ही वाचलीच नाहीत. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. अहमदाबादच्या एका ग्राहकाला एका महिन्याचं बिल चोवीस हजारांच्या वर आलं होतं. कंपनीने तेच कलम ७ब पुढे केलं. कोर्ट म्हणालं, लवादाकडे जायचं की नाही ते ग्राहकाने ठरवावं, त्याच्यावर सक्ती नाही. ग्राहक मंचाचा दरवाजा उघडाच आहे. शिवाय २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत टेलिकॉमचं नावच घातलंय. तेव्हा कंपनीच्या वकिलाने अजून २००९ काढलं तर समजू शकतो, ते त्याचं पोटापाण्याचं काम आहे. तुम्ही का काढता?

तक्रारी पडतात त्या २००९ मुळे नाही, कागदांमुळे. कंपनीच्या १९८ या तक्रार क्रमांकावर फोन केला की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, एसएमएसने येतो. तो जपायचा सोडून लोक दुकानातल्या मुलाशी भांडून परत येतात, आणि त्या भांडणाची नोंद कुठेच नसते. डॉकेटची मुदत उलटली किंवा उत्तर पटलं नाही, तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील करायचं. त्याला फी नाही, आणि त्यांनी ते ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. ग्राहक आयोगात (ग्राहक मंचाचं आताचं नाव) जाण्याआधी हे अपील केलंच पाहिजे असं नाही, पण फाइल भक्कम होते. ट्रायला, म्हणजे टेलिकॉमच्या सरकारी नियामकाला, पत्र पाठवून वाट बघत बसणं मात्र वाया. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही आणि आयोगाची दोन वर्षांची मुदत तुमच्यासाठी थांबत नाही.

हेलपाट्यांचं म्हणाल, तर तक्रार ऑनलाइन दाखल होते. कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात ती चालते. मुंबई उपनगरवाल्यांसाठी तो बांद्रा पूर्वेला. सेवेपोटी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. इथे नीट वाचा : भरलेली रक्कम, मागितलेली भरपाई नव्हे. फीच्या भीतीने भरपाईचा आकडा कमी लिहिणारे मी बरेच पाहिलेत.

पोस्टाचं ‘तेच’ नाही, वेगळं आहे, आणि तिथे ग्राहकाची बाजू खरोखर लंगडी आहे. उशीर किंवा नुकसानीच्या जबाबदारीतून पोस्टाला सोडवणारं १८९८ च्या पोस्ट कायद्यातलं कलम ६ गेलं, पण १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलम १० ने जवळपास तेच संरक्षण ठेवलंय. कर्मचाऱ्याने फसवणुकीने किंवा जाणूनबुजून नुकसान केलं असेल तरच तो जबाबदार. म्हणून ‘स्पीड पोस्ट उशिरा आलं’ एवढ्याच तक्रारीने फार काही हाती लागत नाही. ट्रॅकिंगवर ‘दरवाजा बंद’ असा शेरा असेल आणि त्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत पोस्टमनची नोंद नसेल, तर खोटा शेरा हीच तक्रार करा. वहीच्या पानाचा त्याच दिवशी फोटो काढा, महिन्याभरात वही बदलते. डिलिव्हरीच्या सहीची प्रत माहिती अधिकारात दहा रुपयांत मागता येते. हे सगळं मूळ लेखात होतं. लेख लांबलचक झाला तो यामुळेच.

राहिलं पोर्टिंग, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं. इथे चूक माझी. टेलिकॉमच्या नकाशात मुंबई, ठाणे, नवी मुंबई हे एक सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट दुसरं. मुंबईतला नंबर मुंबईतच राहिला तर कामकाजाचे तीन दिवस. पुण्याचा नंबर इकडे आणायचा तर पाच. पोर्टिंगसाठी १९०० वरून आलेला कोड इथे चारच दिवस चालतो, आणि सिम बदलून सात दिवस झाले नसतील तर तो मिळतच नाही, हेही लिहायला हवं होतं. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. तुमचं नाव घातलेलं नाही, कारण ते तुम्हीच सांगितलेलं नाही.