पाण्यावर तरंगणारा तांदूळ

वहिनीने घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला तेव्हा इथे इंग्लंडात, लेस्टरला सकाळचे सात वाजले होते आणि मी पोरांचे डबे भरत होते. स्टीलच्या पातेल्यात पाणी, त्यात मूठभर रेशनचा तांदूळ आणि वर तरंगणारे चार-पाच पिवळट दाणे. मागून वहिनीचा आवाज, "बघा, हाच तो प्लास्टिकचा तांदूळ." खाली दादाचा संताप, आत्याचे जोडलेले हात, आणि कुणीतरी दाणा काडीने जाळून दाखवलेला दुसरा व्हिडिओ. दहा मिनिटांत ठरलं की सरकार गरिबांना विष घालतंय आणि आपल्या आज्या गूळ-शेंगदाणे खाऊन नव्वद वर्षं जगल्या.

ज्या आज्या नव्वद जगल्या त्यांच्याच गोष्टी सांगितल्या जातात. बाळंतपणात गेलेल्या आजीचा फोटोसुद्धा आमच्या घरात नाही.

मी उभ्या उभ्या टाइप करायला घेतलं. तो दाणा प्लास्टिकचा नाही. कणीचं पीठ करतात, त्यात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 मिसळतात, शेवयांसारखं यंत्रातून दाबून काढतात आणि पुन्हा तांदळाच्या आकारात कापतात. शंभर किलो साध्या तांदळात असा एक किलो. मग किलोभर तांदळात 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह येतं. 15 ऑगस्ट 2021 ला लाल किल्ल्यावरून जाहीर झालं की 2024 पर्यंत रेशन, अंगणवाडी, शाळा सगळीकडे हाच तांदूळ जाईल. आणि मुख्य म्हणजे आमच्या घरात रेशनचा तांदूळ कुणी खातच नाही. वहिनीने तो भांडीवाल्या मावशींकडून वाटीभर मागून आणला होता. मावशी म्हणे रोज सुपात घेऊन ते पिवळे दाणे वेचतात आणि कोंबड्यांना टाकतात. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप, तेवढंच बाहेर.

हे वाचून मला हसू यायला हवं होतं. रागच आला. कारण इथे असा वाद होत नाही. इथे पांढरा ब्रेड घ्या, बिस्किट घ्या, हत्तीचं चित्र असलेला मीडियम आटा घ्या, पिशवीच्या मागे बारीक अक्षरात आयर्न लिहिलेलं असतंच. कायदाच आहे, 100 ग्रॅम पिठात 1.65 मिलिग्रॅमपेक्षा कमी लोह चालत नाही. युद्धानंतरच्या दशकापासून लोक हे खात आलेत. चौदा वर्षांत मला इथे एकही बाई भेटली नाही जिने टोस्ट काडीने जाळून बघितला. असं मी ग्रुपवर लिहिलं. शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं, पण लिहिलं.

आकडेही टाकले. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. महाराष्ट्रात 54.2 टक्के. पाच वर्षांखालची आपल्या राज्यातली मुलं 68.9 टक्के; त्याआधीच्या फेरीत 53.8 होती. सगळाच रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो हे मला ठाऊक आहे, पण ग्रुपवर इतका बारकावा कोण वाचतं. लिहिलं, "गूळ-शेंगदाणे खाऊन झालेत हे."

उत्तर आलं पुतण्याचं. ओंकार राहुरीला कृषीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मला 'आत्या' म्हणतो तेव्हा त्यात हल्ली थोडी गंमत असते. "आत्या, डेन्मार्कने 1987 ला आणि स्वीडनने 1995 ला पिठात लोह घालणं बंद केलं. तेही अडाणीच का?" पुढे: "आणि तुमच्या इंग्लंडने फॉलिक अ‍ॅसिडचं काय केलं?"

तिथे मी गप्प. दिवस राहायच्या आधीपासून बाईने फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर बाळाच्या मणक्यातले बरेचसे दोष टळतात, हे इंग्रज संशोधकांनीच 1991 मध्ये दाखवून दिलं. बाकीच्या कितीतरी देशांनी ते पिठात घातलं. इथला कायदा 2024 साली झाला आणि अंमल 2026 च्या डिसेंबरपासून. तेहतीस वर्षं 'आमच्या ब्रेडला हात लावू नका' चाललं होतं. इथे असा वाद होत नाही, म्हणे.

ओंकारचा तिसरा मुद्दा मात्र मला नंतर दिवसभर पुरला. महाराष्ट्रात या तांदळाचा प्रयोग आधी गडचिरोलीत झाला, आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्णही तिथे बरेच. अशा माणसांना वरून लोह देताना जपून द्यावं लागतं. थॅलेसेमिया असेल तर डॉक्टरांना विचारून खा, सिकलसेल असेल तर खाऊ नका, अशी सूचना पोत्यावर छापायचा नियम होता. रेशनवर तांदूळ सुटा मोजून मिळतो, तिथे पोत्यावरचं वाचणार कोण? आणि वाचलं तरी दुसरा तांदूळ कुठून आणणार? 2024 ला ती सूचनाच काढून टाकली. माझ्या दोन्ही पोरांच्या टाचेला इथे पाचव्या दिवशी सुई टोचली होती, सिकलसेल नाही हे रेड बुकात, म्हणजे बाळाच्या आरोग्याच्या वहीत, लिहिलेलं आहे. शिवाय मला पिठातलं लोह नकोच असेल तर मी होलमील, म्हणजे कोंड्यासकट दळलेलं पीठ, घेईन, त्याला तो कायदा लागू नाही. मला पर्याय आहे म्हणून माझ्यासाठी तो वादच नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. इथे लिहितेय.

अजून एक लिहिते. मोठीच्या वेळी इथल्या मिडवाइफने रक्त काढलं तर माझं फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, 7. फारच कमी. मी, सधन घरातली, बीएस्सी झालेली, इंग्लंडात दोन वर्षं लोह घातलेला ब्रेड खाल्लेली. तिने गोळ्या लिहून दिल्या, संत्र्याच्या रसाबरोबर घ्या म्हणाली आणि विचारलं, "जेवल्याबरोबर चहा पिता का?" चहातलं टॅनिन अन्नातलं लोह धरून ठेवतं. मी म्हणाले, नाही. धडधडीत खोटं. आमच्या घरी जेवणाचं ताट उचललं की चहाचं आधण पडतं, आणि शेवटी बसणाऱ्या बाईचं तर कधी कधी जेवणच चहा-भाकरी असतं. आईचं होतं. आजही मी जेवल्यावर अर्धा कप घेते. खिडकीत उभी राहून, बाहेर रिमझिम असते, ती पंधरा मिनिटं मी माहेरी, पारनेरला असते.

मग मी सूर बदलला. लिहिलं, तांदळात मिसळता कशाला, बाजरी द्या. आणि हे काही मनातलं नव्हतं. 'धनशक्ती' नावाचं बाजरीचं वाण 2012 साली महाराष्ट्रासाठीच प्रसारित झालं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आपल्याकडे आधीपासून पेरल्या जाणाऱ्या आयसीटीपी 8203 या वाणातूनच ते निवडून काढलं. दाण्यात किलोला सुमारे 71 मिलिग्रॅम लोह, म्हणजे वरून मिसळलेल्या तांदळाच्या दीडपट-दुपटीहून जास्त, तेही पेरलं की आपोआप. महाराष्ट्रातल्याच ग्रामीण भागात 12 ते 16 वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना दोन्ही वेळा लोहयुक्त बाजरीची भाकरी देऊन पाहिली. ज्यांच्या अंगात सुरुवातीला लोह कमी होतं, त्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता साधी बाजरी खाणाऱ्यांपेक्षा दीडपटीहून जास्त निघाली. प्रयोगात शेवटी शेवटी बाजरीची शेवसुद्धा होती. पोरांनी दोन वेळा नुसती भाकरी किती खावी. 2018 पासून तर बाजरीचं नवं वाण मान्य व्हायला दाण्यात किलोला किमान 42 मिलिग्रॅम लोह लागतं. असा नियम इंग्लंडात गव्हाच्या वाणाला नाही. हे वाक्य लिहिताना मला फार बरं वाटलं, का ते माहीत नाही.

ओंकारने लिहिलं, बाजरीत फायटेटही भरपूर, ते लोह अडवतं, सगळंच अंगी लागत नाही. ते मान्य. पण खरी अडचण त्याच्या पुढची आहे. अन्नसुरक्षा कायद्यात 2013 साली भरडधान्य 1 रुपया किलो लिहिलेलं होतं. दुकानात आलं काय? गहू आणि तांदूळ, क्वचित ज्वारी. बाजरीचा हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, पण ती घ्यायला काटा आमच्याकडे तरी लागलेला दिसत नाही. 2023 ला भरडधान्याचं वर्ष झालं, मंत्र्यांनी बाजरीचे लाडू खाल्ले, फोटो छान आले. सरकारने ज्या जिल्ह्यात जे पिकतं ते तिथेच विकत घ्यावं आणि तिथल्याच रेशनवर, वसतिगृहांत द्यावं, मग प्लास्टिक की तांदूळ हा प्रश्नच उरत नाही. एवढं सगळं मी लिहिलं, लांबलचक. डबे तसेच राहिले, मोठी कँटीनमध्ये जेवली.

दादा कधी ग्रुपवर लांब लिहीत नाही. त्याने एक फोटो टाकला. आमचं वरचं शेत, चार एकर. अण्णांच्या वेळी तिथे बाजरी असायची, मधून तूर आणि मटकीचे पट्टे. कणसं भरली की आम्ही बहिणी गोफण घेऊन पाखरं राखायला माचावर बसायचो. फोटोत कांदा होता, एका ओळीत, आणि मागे शेततळं, त्यात अंथरलेला काळा कागद उन्हात चमकत होता.

खाली दादाने लिहिलं, "कागदाचे पैसे तूच पाठवले होतेस."

पाठवले होते. 2019 ला, एक लाख साठ हजार. त्यानेच विचारलं होतं, तळं झालं तर कांदा होईल, करू का? माझं नाव अजून सात-बाऱ्यावर आहे, हक्कसोड केलेलं नाही, म्हणून तो विचारतो. मी एका मिनिटात हो म्हणाले. बाजरीत काय मिळतंय, असंही म्हणाले. धनशक्ती तेव्हा बाजारात येऊन सात वर्षं झाली होती.

दुपारी मी फोन केला. म्हटलं, दादा, एक एकर तरी धनशक्ती पेरू या का खरिपाला? तो म्हणाला, "पेरू की. खुडायला तू येतेस का? पाखरं कोण राखणार? आणि एवढी बाजरी खाणार कोण, ओंकारला चपाती लागते." मग जरा थांबून, "मावशींना देऊ म्हणतेस का?" त्यात टोमणा होता का मला कळलं नाही. मी म्हटलं, त्यांना विचारून बघ. विचारतो म्हणाला.

रात्री मी भाकरी केली. मेल्टन रोडवरच्या गुजराती दुकानातलं बाजरीचं पीठ, कधी दळलंय देव जाणे. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत उतरतं हे मला लहानपणापासून माहीत आहे, तरी दर वेळी मी ते पाकीट आणते. थापताना कडा चिरल्या. धाकट्याने एक घास घेतला आणि म्हणाला, "आई, इट्स बिटर." होतीच कडवट. मी त्याला टोस्ट करून दिला, आणि भाकरी मी खाल्ली, दोन्ही, चहाबरोबर.