वांग्याची भावकी

कांदेनवमीला भरीत इतकं हाणलं होतं, की चातुर्मासात वांगं सोडायचं वचन आईनं मागितलं तेव्हा मी ढेकर देतच "बरं" म्हणालो. चार महिने एक भाजी नाही, एवढंच ना?

दुसऱ्या दिवशी भाची आली. ती वनस्पतीशास्त्र शिकते, म्हणजे कुणाला सुखानं जेवू देत नाही.

"मामा, वांगं सोडलंस? मग बटाटा, टोमॅटोही सोड. तिघांची प्रजाती एकच, सोलॅनम. फुलं बघ, सगळ्यांची चांदणीसारखी. मिरचीसुद्धा त्याच कुळातली. आणि तंबाखू."

कोपऱ्यात तंबाखू मळणाऱ्या अण्णांचा अंगठा थांबला.

"या शास्त्रज्ञांना दुसरे उद्योग नाहीत का गं?"

"नातं कळलं की खोडी कळतात, मामा. बटाट्यावरचा करपा टोमॅटोवरही पडतो, तो उगाच नाही." मग तिनं टोमॅटोची कहाणीच लावली. १७५३ साली झाडांना लॅटिन नावं देणाऱ्या लिनीयसनं त्याला वांग्या-बटाट्यांतच धरलं. १७५४ मध्ये फिलिप मिलर नावाच्या माळ्यानं त्याला वेगळं बिऱ्हाड करून दिलं. पुढं दोनशेहून जास्त वर्षांनी डीएनए तपासला, तर भावंडं सख्खी निघाली आणि टोमॅटो परत एकत्र कुटुंबात आला. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या वाटणीचा दावासुद्धा इतका लांबला नव्हता. शिवाय आमच्याकडे परत कुणी आलं नाही.

ती लॅटिन नावं कशाला लागतात, हे मात्र मला संध्याकाळी मंडईनं शिकवलं. बायकोनं "घेवडा आण" म्हणून पिटाळलं होतं. मी श्रावणघेवडा आणला. तिला हवा होता वालघेवडा. नाव एक, प्रजाती दोन. चिठ्ठीत 'फॅसिओलस नको, लॅबलॅब आण' असं असतं तर भाजीवाल्या मावशींनी मला वेड्यात काढलं असतं, पण बायकोनं तरी नसतं. दुसरी खेप पावसातून झाली.

एकादशीला पानात उपासाची बटाट्याची भाजी आली, हिरव्या मिरच्या घातलेली. मी नवं ज्ञान पाजळलं, "आई, हा वांग्याचा सख्खा भाऊ आहे."

"असेल की," आई म्हणाली. "वाटणी झाल्यापासून तुझ्या सख्ख्या काकांशी आपण बोलतो का?"

आणि तिनं आणखी एक डाव भाजी वाढली. जेवणं झाल्यावर अण्णांनी निर्धास्तपणे पुडी उघडली.