बैल बुजतो, त्याला कारण असतं

पोळा जवळ आला की आपल्याकडे गावोगावी तेच. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून शेकायचं, जेवणाचं आवतण द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच डीजेसमोर नेऊन उभं करायचं. मग तो तोरणाखालून जाईना की लगेच "अडेल आहे, मारका आहे". शेपूट पिरगाळा, तुतारी म्हणजे खिळ्याची काठी टोचा.

राजेहो, बैल अडेल नसतो. आपल्या ध्यानातही न आलेलं काहीतरी त्याने पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं.

बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्याला तीनशे अंशांहून जास्त दिसतं, फक्त अगदी मागचं दिसत नाही. म्हणून मागून कोणी अचानक आलं की लाथ बसते. उजेडातून अंधारात जायला तो कचरतो. जमिनीवरची सावली, लोंबणारी साखळी, डबक्यातली चमक, एवढ्यावर थांबतो. आवाजाची पट्टी हर्ट्झमध्ये मोजतात; आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, त्याला ३५ हजारांच्या आसपास. म्हणजे फटाके आणि कर्णकर्कश शिट्ट्या त्याच्या कानात काय करत असतील! आता तोरण आठवा. वाऱ्यावर हलणारी पानं, मध्ये चमकणारी झिरमिळी, खाली माणसांची गर्दी. मीही गेलो नसतो.

खरंच गेलो नसतो. मी ऑटिस्टिक आहे, म्हणजे आवाज, उजेड, गर्दी मला जन्मापासूनच वेगळ्या तऱ्हेने जाणवतात; निदान तिशीनंतर झालं. दिवाळीच्या आठवड्यात नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर मला दहा मिनिटं काढता येत नाहीत. दुकानांचे दिवे, भोंगे, ओरडणारे फेरीवाले, सगळं एकाच जोराने अंगावर येतं. घरचे म्हणायचे, नाटकं करतो.

टेम्पल ग्रँडिन हे नाव मला फार उशिरा कळलं. जन्म १९४७, बोस्टनचा. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत पशुविज्ञानाच्या प्राध्यापक, स्वतः ऑटिस्टिक. गुरं जिथे अडतात त्या वाटेत या बाई स्वतः उतरायच्या आणि गुरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघायच्या. कुंपणावर टांगलेला कोट काढला, प्रकाश बदलला की गुरं चालू लागायची, काठी न लावता. ढोरं हाकणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक असतं, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. जनावराच्या खांद्याच्या मागे उभं राहिलं की ते पुढे जातं, पुढे उभं राहिलं की मागे सरतं, हे बाईंनी आकृत्या काढून मांडलं.

पण एक गोष्ट मला पटत नाही. ऑटिस्टिक माणसाला जनावराचं मन आपोआप कळतं, असं लोक आता मोठ्या कौतुकाने सांगतात. जनावरं एखाद्याच गोष्टीत विलक्षण हुशार असलेल्या ऑटिस्टिक माणसांसारखी असतात, या ग्रँडिन यांच्या कल्पनेवर २००८ मध्ये काही वैज्ञानिकांनी जाहीर आक्षेप घेतला होता. मी त्यांच्या बाजूने आहे. मला बैलाची भाषा येत नाही, आणि बैलाशी तुलना करून माझा कोणी गौरव करू नये. सारखं एवढंच आहे की आमच्या घाबरण्याला दोघांच्याही बाबतीत स्वभाव म्हटलं जातं.

"ती बाई तर कत्तलखान्यांचे आराखडे काढायची," असं कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. हो, काढायची. अस्वस्थ करणारंच आहे ते. पण ज्या जनावराला उद्या मरायचं आहे त्याला आज भीती वाटू नये, हे मला क्षुल्लक वाटत नाही. आणि शाकाहारी घरातून आलेली गायही ट्रकमध्ये चढवताना घसरून पडतेच.

बाजाराच्या दिवशी जनावरं गाडीत कशी कोंबतात, ते बघा. १९७८ च्या वाहतुकीच्या नियमांत चढण्या-उतरण्यासाठी योग्य सोयीची अट आहे. बाजारात ती दिसते का? पशुविज्ञानाचं विद्यापीठ आपल्या नागपुरात आहे, त्यांच्या मुलांना आठवड्याच्या बाजारात न्या, उताराची फळी कुठे कमी आहे ते बघायला लावा.

यंदाच्या पोळ्यासाठी आमच्या गावच्या समितीला मी तीन गोष्टी कळवल्यात: स्पीकर तोरणापासून लांब ठेवा, झिरमिळ्या नकोत, फटाके नकोत. झडत्या, म्हणजे पोळ्याची ती गाणी, तोंडानेच म्हणा, बैलांना त्या जुन्याच वाटतील. एकाने उत्तर पाठवलं, "पोरं ऐकणार नाहीत." पोरांशी बोलायला मी रविवारी जाणार आहे, कानात बोळे घालून.