‘गर्व सोडताना’ या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सलाम.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला. तासाभरात उत्तर लिहून तयार होतं, बायबलच्या दोन वचनांसकट. मग ते पुसून टाकलं. गर्वावर लेख लिहिणाऱ्याला टीका झोंबावी, यावर तुम्ही खुशाल हसा.

तुम्ही म्हणता, चर्चमध्ये नम्रतेचा उपदेश कायम वरून खाली येतो. पुढच्या बाकावरचे मागच्यांना करतात, पुरुष बायकांना करतात आणि माझा लेखही त्यातलाच. हे खरं आहे. ‘लीनतेने एकमेकांना आपणांपेक्षा श्रेष्ठ माना’ हे फिलिप्पैकरांच्या पत्रातलं वचन मी उचललं, पण त्यापुढचं सोडून दिलं. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे लगेच ख्रिस्ताचं उदाहरण देतो: देवाच्या बरोबरीचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं. आधी वरचा खाली उतरला. एवढं वगळलं तर उरते ती दमदाटी.

पण ‘स्वाभिमानी माणसाला ही नम्रता परवडत नाही’ हे तुमचं वाक्य मला पटत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय काढून बघा. शिष्यांचे पाय धुऊन झाल्यावर येशू म्हणतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते ठीकच आहे, कारण मी तसा आहेच. पाय धुतले, पण गुरुपद नाकारलं नाही! त्याच शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात शिपाई त्याला थोबाडीत मारतो, तेव्हा तो विचारतो, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? दुसऱ्या गालाचं वचन आपल्या सगळ्यांना पाठ आहे. या प्रश्नावरचा उपदेश मी तरी क्वचितच ऐकलाय.

आपल्या पंडिता रमाबाईच घ्या. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि तिथल्या सिस्टर्सशी, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींशी, त्यांचे वादही झाले. पुरोहितांचं एक जोखड नुकतंच उतरवलंय, दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवलं. हाच तुमचा स्वाभिमान ना? पण संस्कृत विद्वत्तेसाठी कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या याच बाईंनी पुढे केडगावला बायबलचं भाषांतर केलं ते साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पांडित्य होतंच, पण ते मिरवण्याची ती जागा नव्हती. 1922 मध्ये मृत्यूच्या आधी काम पुरं केलं.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘तुम्ही स्वतः काय सोडलंत?’ फारसं काही नाही. ‘माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस’ म्हणणारा येशूचा शिष्य पेत्र मला फार जवळचा वाटतो. सेवा करायला मी पुढे असतो, करून घेताना मात्र जीव जातो. गेल्या वर्षी मी आजारी असताना चर्चच्या मंडळीतल्या घरांतून जेवणाचे डबे यायचे. कुणाचे किती आले हे मी वहीत लिहून ठेवत होतो, परत फेडायला. ती वही अजून टेबलाच्या खणात आहे.