साहेबाने आडनावं वाटली म्हणे!

‘इंग्रज येण्यापूर्वी मराठी माणसाला आडनावच नव्हतं. 1872 च्या शिरगणतीत गोऱ्या साहेबाने दारात उभं राहून धंदा विचारला आणि मिळालं ते उत्तर आडनाव म्हणून लिहून टाकलं. तेव्हा आडनावावरून घराण्याचा इतिहास शोधण्यात अर्थ नाही.’ हा मजकूर अधूनमधून नव्याने फिरतो आणि शिकलीसवरलेली माणसंही तो पुढे ढकलतात.

आडनाव नव्हतं, हे आधी घेऊ. तानाजी मालुसरे, बाजी पासलकर, येसाजी कंक, मोरोपंत पिंगळे ही सगळी सतराव्या शतकातली माणसं. ‘ती मोठी माणसं, रयतेचं काय?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचं उत्तर वतनाच्या तंट्यांमधल्या महजरांत, म्हणजे साक्षीदारांसमक्ष लिहिलेल्या निवाडापत्रांत सापडतं. तिथे गावकरी साक्षीला उभे असत. पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. नाव ‘अमुक बिन तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, असं, आणि पुष्कळदा त्यापुढे कुळाचं आडनाव. सगळ्यांपुढे नाही, कारण गावात सुताराचं एकच घर असेल तर ‘सुतार’ म्हटलं की ओळख पटली. म्हणजे आडनाव होतं, फक्त रोज लागत नव्हतं.

शिरगणतीची गोष्ट तर अगदीच तकलादू. 1872 च्या फेब्रुवारीत मुंबई इलाख्यात ती झाली, हे खरं. पण तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात गोरे अधिकारी मूठभर. ते दारोदार कुठे फिरणार? घरोघरच्या नोंदी करणारी माणसं इथलीच, कुलकर्णी किंवा शाळामास्तर यांच्यासारखी. शिवाय कोष्टकं तयार झाली की मूळ याद्यांचं काम संपे. त्या जपून ठेवायच्या नव्हत्याच. अशा यादीतलं नाव पिढ्यान्‌पिढ्या चिकटलं कसं, हे तो मजकूर लिहिणाऱ्याने सांगावं.

आता धंद्यावरून पडलेली आडनावं. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही वतनं शिवकाळाच्याही आधीची, तेव्हा इंग्रज सरकारला त्यांचं श्रेय नको. आडनाव बदलायचं, पण ते बदलणारे आपलेच लोक. नाना फडणीस मूळचे भानू. फडणिशी, म्हणजे सरकारी हिशेबाचं पद, घरात आली आणि तेच नाव झालं. आंग्र्यांचं मूळ आडनाव संकपाळ, गाव आंगरवाडी. होळकर नीरेकाठच्या होळ गावचे.

इंग्रजी अमलात घडलं ते याच्या उलट. जमीन मोजणीचं खातं, कोर्टाचा कागद, शाळेचं रजिस्टर अशा प्रत्येक ठिकाणी एकच ठरीव नाव हवं झालं, आणि तोवर सैल असलेलं आडनाव गोठलं. त्या क्षणी कारकुनाने किंवा मास्तरने जे लिहिलं ते राहिलं; कुणाचं गाव, कुणाची जात, कुणाचा धंदा. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, पण 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झालं ते आंबडवे गावावरून आलेल्या आडनावाने. फिरत्या मजकुरात सत्याचा अंश असेल तर तो इथे, शाळेच्या दाखल्यात आहे. (परक्या सत्तेने खरोखर आडनावं दिल्याचं उदाहरण हवं असेल तर गोव्यात पाहा. सोळाव्या शतकात बाप्तिस्म्याबरोबर धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं पोर्तुगीज आडनाव मिळे.)

राहिला ‘शोधू नका’ हा सल्ला. शोधा, पण नुसतं आडनाव घेऊन नको. गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव आणि कुलदैवत आधी लिहून काढा. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्ममृत्यूंची नोंदवही, एकोणिसाव्या शतकापासूनचं मिळू शकतं. जुनी पानं मोडीत असतात आणि बरेचदा त्यांत आडनाव नसतंच, बापाचं नाव आणि जात असते. आडनाव दिसलं नाही म्हणून पान उलटलंत तर पणजोबा हातचे जातील. मग शाळेचं जनरल रजिस्टर. त्याही मागे जायचं तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या. तिथे आधी गाव विचारतात, मग आडनाव.