मूठ झाकूनच जा!

मृत्युपत्र करायचं राहिलंय म्हणून तुम्हाला अधूनमधून टोचत असेल, तर ते टोचणं आधी बंद करा. मृत्युपत्र केलं की माणूस लवकर जातो, हे कुणाला माहीत नाही? न करणारेही जातात म्हणे, पण ते बेसावध जातात. त्यात वेगळीच मजा असते.

शिवाय तुम्ही चांगल्या पंगतीत बसला आहात. अब्राहम लिंकन स्वतः नावाजलेला वकील, पण १८६५ साली गेला तो मृत्युपत्राशिवाय. पाब्लो पिकासो १९७३ मध्ये गेला तेव्हा ९१ वर्षांचा होता. हजारो कलाकृती, घरं, लग्नाची आणि लग्नाबाहेरची मुलं, आणि मृत्युपत्र नाही. वाटणीत वर्षं गेली. ९१ वर्षांत त्याला सवड झाली नसेल, तर तुम्हाला या रविवारी कुठून होणार?

कुणी फारच मागे लागलं तर एक वाक्य पाठ करून ठेवा : ‘आमची मुलं समजूतदार आहेत, ती नाही भांडायची.’ खरंच आहे. आजवर भांडली नाहीत, कारण आजवर त्यांच्यात वाटायला काही आलेलंच नाही. दरम्यान तुम्ही तोंडी व्यवस्था लावून टाका. मुलगी आजारपणात उशाशी बसली की तिला म्हणा, ‘हे घर तुझंच.’ मुलानं गाडीतून दवाखान्यात नेलं की त्याला म्हणा, ‘हे घर शेवटी तुझंच.’ तोंडी शब्दाला सही लागत नाही, साक्षीदार लागत नाहीत, आणि एकच घर तिघांना पुरतं.

आता फाइल. प्रत्येक घरात एक फाइल असते, तिच्यावर ‘महत्त्वाचे’ असं लिहिलेलं असतं आणि आत महत्त्वाचं काही नसतं. तुमचीही तशीच ठेवा. बंद केलेल्या खात्याचं पासबुक, कधीच मोडीत गेलेल्या फ्रिजचं वॉरंटी कार्ड, विम्याच्या तीन पावत्या (पॉलिसी नाही, पावत्याच), आणि चिकटपट्टीनं कागदाला लावलेली एक किल्ली. किल्ली कशाची, ते लिहू नका. चालू खाती, गुंतवणूक, कर्ज, पासवर्ड, सगळं डोक्यात ठेवा. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली तर बायकोला आकडा कळेल. मग तुमच्या मागे सगळे तुमचा फोन हातात घेऊन बसतील. आधी तुमची जन्मतारीख घालून बघतील, मग लग्नाची, मग थोरल्याची. धाकटीची कुणी घातली की ती म्हणेल, ‘माझी नसणारच.’ तेवढ्यात फोन तासाभरासाठी बंद होईल.

लिहायचंच असेल तर वकिलाच्या नादी लागू नका. अमेरिकेचे माजी सरन्यायाधीश वॉरन बर्गर १९९५ मध्ये वारले. त्यांचं स्वतः टाइप केलेलं मृत्युपत्र अवघं १७६ शब्दांचं होतं, आणि त्यातल्या त्रुटींवर वकील मंडळींनी पुढे कितीतरी अधिक शब्द खर्च केले. लिहिल्यावर जागाही नीट निवडा. गायिका अरीथा फ्रँकलिन २०१८ मध्ये गेली. तिची हस्तलिखित मृत्युपत्रं नंतर घरात सापडली : २०१० चं कुलूपबंद कपाटात, २०१४ चं सोफ्याच्या गाद्यांखाली एका वहीत. मुलं एकमेकांसमोर उभी ठाकली, आणि २०२३ मध्ये ज्यूरीनं सोफ्यातली वही ग्राह्य धरली. म्हणजे सोफ्याची जागाही वाईट नाही, फक्त पाच वर्षं धीर हवा.

साक्षीदार म्हणून ज्याला सर्वांत जास्त द्यायचं आहे त्यालाच बसवा. साक्षीदाराच्या वाट्याचं दान अनेक देशांत बाद होतं; पण त्याला हे नंतरच कळू दे. आणि ‘मुखत्यारपत्र दिलंय ना, मग आणखी कशाला?’ हा मुद्दा तर बिनतोड आहे. मुखत्यारपत्र आपल्याबरोबरच संपतं, इतकं ते निष्ठावान असतं.

एकदा केलं की पुन्हा बघू नका. मूल झालं, घटस्फोट झाला, दुसरं लग्न झालं, घर विकलं, तरी कागद जसाच्या तसा. काही देशांत नुसत्या लग्नानं आधीचं मृत्युपत्र रद्द होतं, तेवढीच आणखी गंमत. पहिल्या नोकरीत विम्याच्या अर्जावर जिचं नाव घातलंत, ते राहू द्या. मृत्युपत्रात काहीही लिहा, बऱ्याच ठिकाणी विमा कंपनी अर्जावरचंच नाव बघते. पहिल्या बायकोला इतक्या वर्षांनी तुमच्याविषयी चांगलं वाटायची ही एकच संधी. लहान मुलांचा पालक म्हणून ज्या मित्राचं नाव आहे, त्याच्याशी गेली आठ वर्षं बोलणं नाही, हेही कशाला बदलता? मुलं बोलतील.

मी? माझा मसुदा तयार आहे. संगणकात ‘मृत्युपत्र अंतिम’, ‘मृत्युपत्र अंतिम २’ आणि ‘मृत्युपत्र खरंच अंतिम’ अशा तीन फायली आहेत, सही एकीवरही नाही. थांबतो आता. बायको ‘महत्त्वाचे’ची फाइल घेऊन दारात उभी आहे आणि विचारते आहे, ही चिकटपट्टीतली किल्ली कशाची. आठवत नाहीये.